बारा गाण्यांची यादी : जून ते ऑक्टोबर

8 जून, रविवार

आजपासून ही वही. काम एकच: दिवाळीपर्यंत जुन्या अमेरिकन ब्लूजमधली, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातली, पाच गाणी पूर्ण बसवायची. पूर्ण म्हणजे गिटार आणि गळा दोन्ही एकत्र, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सुरापर्यंत, घरच्यांसमोर, मध्ये न थांबता. गेली चार वर्षं मी तुकडे वाजवतोय. सुरुवात येते, मधला भाग चाचपडतो, आणि तोंडानं तर आजवर एकही गाणं म्हटलेलं नाही.

गिटार तीच, मोठ्या पोटाची, स्टीलच्या तारांची. 12 चा संच उतरवून 11 चा चढवला. दिवसभर शिरोली एमआयडीसीत लेथवर उभं राहिल्यावर संध्याकाळी जाड तारा दाबायला बोटांत जीव उरत नाही.

यादी बारा गाण्यांची झाली. रॉबर्ट जॉन्सनची दोन: 'क्रॉस रोड ब्लूज' आणि 'स्वीट होम शिकागो'. मिसिसिपी जॉन हर्टची दोन: 'फ्रँकी' आणि 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'. स्किप जेम्सचं 'हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज', एलिझाबेथ कॉटनचं 'फ्रेट ट्रेन', लेरॉय कारचं 'हाउ लाँग', बिग बिल ब्रूंझीचं 'की टू द हायवे', ब्लाइंड लेमन जेफरसनचं 'सी दॅट माय ग्रेव्ह इज केप्ट क्लीन', चार्ली पॅटनचं 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर', रेव्हरंड गॅरी डेव्हिसचं 'कँडीमॅन' आणि ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट'. ही बारा का, तर ही नावं सगळीकडे दिसतात म्हणून. निवडीला एवढंच कारण असणं मला खटकतंय. बारातून पाच कशी काढायची ते वाजवता वाजवता कळेल.

11 जून

बसमध्ये फक्त ऐकायचं, आणि तेही मूळ ध्वनिमुद्रण. पुढच्या पिढ्यांनी विजेच्या गिटारवर केलेली रूपं तूर्त बंद. त्या काळच्या 10 इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे जाता-येता बाराही गाण्यांची एक फेरी होते.

पॅटन आणि स्किप जेम्स ज्या पॅरामाउंट कंपनीसाठी गायले ती मुळात विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. फोनोग्राफची लाकडी कपाटं करायचे, ती खपावीत म्हणून तबकड्या काढू लागले. मूळ धातूचे साचे पुढे भंगारात गेले. आज जे ऐकू येतं ते लोकांच्या घरी वाजून वाजून झिजलेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं. पहिल्या दिवशी मला लाह्या फुटाव्यात तशी खरखरच ऐकू आली. आज तिसऱ्या फेरीला त्या खरखरीखालचा अंगठा ऐकू यायला लागला. कोणत्या तारेवर पडतोय तेसुद्धा.

15 जून, रविवार

पहिलं 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडी. काटेकोरपणे हे ब्लूज नव्हे. सोळा मापांचं (एक माप चार मात्रांचं) साधं गाणं, सी, जी सेव्हन, ई आणि एफ एवढ्या कॉर्ड. पण उजव्या हाताचं जे काम पुढच्या बहुतेक गाण्यांत लागणार आहे ते इथे उघडं दिसतं. अंगठा खर्जाच्या दोन तारांवर आळीपाळीनं चालतो, मात्रेला एक ठोका. तर्जनी आणि मध्यमा पातळ तारांवर चाल काढतात, कधी अंगठ्याबरोबर, कधी दोन ठोक्यांच्या मध्ये. अंगठा अडखळला की सगळं कोसळतं.

कॉटनबाई नॉर्थ कॅरोलिनातल्या, जन्म 1893 चा. डावखुऱ्या, आणि गिटार उजव्या हाताची, म्हणून त्यांनी ती उलटी धरली. त्यामुळे खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्यानं. हे गाणं रचलं तेव्हा वय अकरा-बारा. मग लग्न, संसार, चर्च, आणि गिटार कित्येक दशकं सुटली. पुढे वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात कामाला असताना त्यांना एक हरवलेली मुलगी सापडली. ती आईकडे पोचवली. ते घर सीगर कुटुंबाचं, संगीतातल्या लोकांचं. तिथेच त्या घरकामाला लागल्या, आणि भिंतीवरची गिटार काढून एक दिवस वाजवू लागल्या. तबकडी आली 1958 साली, पासष्टाव्या वर्षी. माझं वय त्रेचाळीस आहे. उशीर झाला असं या वहीत मी लिहिणार नाही.

आज चाळीस मिनिटं फक्त अंगठा. लय मिनिटाला 60 ठोके.

22 जून, रविवार

अंगठा चालतो. बोटं चालतात. तोंड उघडलं की अंगठा थांबतो किंवा गाण्याच्या शब्दांमागे पळत सुटतो.

लहानपणी ज्यांच्याकडे तबला शिकलो त्या गुरुजींकडे संध्याकाळी गेलो. त्यांनी ब्लूज कधी ऐकलेलं नाही. गिटार ऐकून म्हणाले, "ठेका तुझ्या हातात अजून मुरलेला नाही. आधी ठेका धर आणि त्यावर माझ्याशी बोल. पावसाबद्दल बोल, कारखान्याबद्दल बोल. हात थांबता कामा नये." पंधरा मिनिटं अंगठा चालवत मी त्यांच्याशी साध्या गप्पा मारल्या. सुरुवातीला दर वाक्याच्या शेवटी हात अडकत होता. नंतर सुटला. घरी येऊन 'फ्रेट ट्रेन'चं पहिलं कडवं सलग म्हटलं.

पट्टीचंही कळलं. तबकडीतल्या पट्टीत गाण्याचा हट्ट सोडायचा. आपला गळा जिथे मोकळा होतो तिथे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चाप, सरकवायचा. त्या तबकड्यांची पट्टी तरी कुठे नेमकी असते? यंत्राचा वेग थोडा इकडेतिकडे झाला की सूर अर्धा चढतो किंवा उतरतो.

29 जून, रविवार

रॉबर्ट जॉन्सनची दोन्ही गाणी यादीतून काढली. सहज काढली असं नाही.

'स्वीट होम शिकागो' आज कुठल्याही ब्लूजच्या मैफिलीत शेवटाला सगळे मिळून वाजवतात. वाजवायला माझ्या आवाक्यातलं आहे. पण ते ऐकताना मला जॉन्सनच्या मागची माणसं ऐकू येऊ लागली. कोकोमो अर्नोल्डचं 1934 चं गाणं, त्याच्याही मागे स्क्रॅपर ब्लॅकवेलचं 1928 चं. चाल तीच, गावाचं नाव बदललेलं. ब्लॅकवेल 'हाउ लाँग'मध्ये गिटारवर आहेच, तेव्हा या घराण्याचं एक गाणं यादीत राहतंय.

'क्रॉस रोड ब्लूज'बद्दल सगळे एक गोष्ट सांगतात, की जॉन्सननं चौकात सैतानाला आत्मा विकून वादन मिळवलं. गाण्यात सैतान नाहीच. एक माणूस चौकात उभा आहे, दिवस मावळतोय, येणाऱ्या गाड्यांना हात करतोय आणि कोणी थांबत नाही. 1936 च्या मिसिसिपीत अंधार पडल्यावर अनोळखी रस्त्यावर एकटा कृष्णवर्णीय माणूस म्हणजे जिवाची भीती. ती भीती त्या आवाजात आहे. शिवाय जॉन्सन माप पाळत नाही. कुठे एक मात्रा वाढवतो, कुठे दोन खातो, श्वास जसा येईल तशी सम. तबल्यावर वाढलेल्या माझ्या कानाला अजून ते पकडता येत नाही, आणि बारा मापांच्या चौकटीत सरळ बसवून वाजवलं तर त्यातली घालमेल निघून जाते. तसं वाजवायचं नाही.

उरली दहा.

6 जुलै, रविवार

आजचा दिवस 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'चा. अडीच तास कधी गेले कळलं नाही.

जॉन हर्ट मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन नावाच्या खेड्यातला शेतमजूर. 1928 साली ओके कंपनीनं त्याची गाणी मेम्फिस आणि न्यूयॉर्कला मुद्रित केली. न्यूयॉर्कमध्ये गावाची आठवण येऊन त्यानं अ‍ॅव्हलॉनवरच एक गाणं केलं. तबकड्या फार खपल्या नाहीत, मंदी आली, तो गावी परतला आणि शेतीकामाला लागला. पस्तीस वर्षं गेली. 1963 साली टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणानं ते गाणं ऐकून नकाशात गाव शोधलं आणि तिथे जाऊन विचारलं. हर्ट तिथेच होता, सत्तरीचा. त्याच्याकडे स्वतःची गिटारही उरली नव्हती. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांसमोर बसून वाजवत होता. पुढे तीनच वर्षं जगला.

गाणं जवळजवळ एका जी कॉर्डवर उभं आहे. अंगठा सहाव्या आणि चौथ्या तारेवर, डावीकडे कॉर्ड बदलण्याची धावपळ नाही. म्हणून सोपं वाटतं. पण कॉर्ड बदलत नसल्यामुळे लपायला जागा नाही. एक ठोका जरा जोरात पडला तरी दिसतो. हर्टचा अंगठा घरंगळत नाही, ढकलत नाही, सपाट रस्त्यावर बैलगाडी चालावी तसा एका वेगात जातो. आवाजही तसाच, शेजारी बसलेल्याला सांगावं तसा. ओरडायची गरज नाही हे माझ्या गळ्याला फार सोयीचं.

अर्थ मात्र सौम्य नाही. जॉन हेन्रीची कथा अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक आहे: रेल्वेच्या बोगद्यात वाफेच्या यंत्राशी हातोड्यानं पैज लावून जिंकला आणि तिथेच मेला. हर्टच्या गाण्यातला कामगार म्हणतो, या हातोड्यानं जॉन हेन्रीला मारलं, मला नाही मारणार. हातोडा मुकादमाला देऊन टाका, सांगा की मी गेलो. आमच्या शेडमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, आलं त्या वर्षी एका जुन्या मिस्त्रींनी आपली मापाची पट्टी आणि कॅलिपर टेबलावर ठेवले आणि घरी गेले, ते परत आले नाहीत. कुणाशी भांडले नाहीत. दुसरं कडवं म्हणताना मला रोज तेच दिसतात, आणि त्या कडव्यात माझा अंगठा चुकत नाही.

हे पाचातलं पहिलं पक्कं.

13 जुलै

पाऊस थांबत नाही. तारांना दहा दिवसांत गंज. पहिली तार काळी पडली, बोट सरकत नाही. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुक्या मलमलीनं पुसायची, गिटार भिंतीला टांगायची नाही, पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची. नवा संच आणला.

20 जुलै, रविवार

'फ्रँकी' काढलं.

हर्टचं हे वादन मला यादीतल्या सगळ्यांपेक्षा सुंदर वाटतं. तारा ओपन जीमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत प सा प सा ग प. बोटं अक्षरशः नाचतात. लेक नववीत आहे, तिनं विचारलं, "बाबा, हे कशावर आहे?" सांगायला बसलो. सेंट लुइसमध्ये 1899 साली फ्रँकी बेकर या तरुणीनं आपल्या प्रियकरावर गोळी झाडली. तो चाकू घेऊन अंगावर आला, असं तिचं म्हणणं होतं. कोर्टानं तिला निर्दोष सोडलं. पण गाणं आधीच रस्त्यावर आलं होतं. गाण्यात ती मत्सरानं खून करणारी बाई. ती शहर सोडून पोर्टलंडला गेली, तिथेही गाणं पोचलं. या कथेवर चित्रपट निघाले तेव्हा तिनं खटले भरले, हरली. 1952 साली वारली.

लेक म्हणाली, "मग तिच्या बाजूचं गाणं कोणी नाही केलं?"

मला उत्तर नव्हतं. वादन शिकायला मी केव्हाही ही तबकडी काढीन, शब्दांशिवाय. पण माझी अट गळ्याची आहे, आणि हे शब्द माझ्या तोंडून मला नकोत. इतकी जुनी ब्लूज गाणी बाईला मारण्याझोडण्याच्या धमक्यांनी भरलेली आहेत, की निवड करताना प्रत्येकाचा अर्थ ओळीनं लावून बघणं भाग आहे. आजपासून उरलेल्या प्रत्येक गाण्याचे शब्द मराठीत लिहून मगच वाजवायचे.

27 जुलै, रविवार

'हाउ लाँग' पक्कं, 'की टू द हायवे' नंतर कधी तरी. दोन्ही आठ मापांची. बारा मापांत अठ्ठेचाळीस मात्रा, इथे बत्तीस, म्हणजे त्रितालाची दोन आवर्तनं. माझ्या हाताला ती बरोबर कळतात. लेरॉय कारनं हे 1928 साली इंडियानापोलिसमध्ये पियानोवर गायलं, ब्लॅकवेल गिटारवर. पियानोचा डावा हात अंगठ्यानं आणि ब्लॅकवेलच्या जागा बोटांनी, असं ई कॉर्डमध्ये जुळवतोय. शब्द साधे: संध्याकाळची गाडी जाऊन किती वेळ झाला, अजून किती काळ.

आई आत भाजी निवडत होती. तिचं आयुष्य भजनी मंडळात गेलेलं. बाहेर येऊन म्हणाली, "अरे, तुझा गंधार कुठला? घडीत कोमल, घडीत शुद्ध. एक काहीतरी ठरव."

तिला मूळ तबकडी ऐकवली. दोनदा ऐकली. मग म्हणाली, "नाही, तो दोन्ही लावत नाही. दोहोंच्या मधला लावतोय. कोमलाच्या वर, शुद्धाच्या खाली. आणि जागेवर ठेवत नाही, हलवतो."

ब्लूजवरच्या लेखांत ज्याला ब्लू नोट म्हणतात ती माझ्या आईनं भाजी निवडता निवडता जागेवर आणून ठेवली. मी कोमल गंधार दाबून सोडून देत होतो. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या आडव्या पट्टीला) तो किंचित ओढायचा, पाव सूर, त्याहून जास्त नाही. तासभर आई "वर गेला", "खाली राहिला" म्हणत समोर बसून होती.

10 ऑगस्ट, रविवार

'हाय वॉटर एव्हरीव्हेअर'. आठवडाभर फक्त हेच ऐकलं.

1927 च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीचा बांध ग्रीनव्हिलजवळ माउंड्स लँडिंगला फुटला आणि डेल्टाचा प्रदेश पाण्याखाली गेला. चार्ली पॅटननं दोन वर्षांनी, 1929 साली, त्यावर गाणं मुद्रित केलं. एका बाजूत मावेना म्हणून तबकडीच्या दोन्ही बाजू. आवाज घोगरा, शब्द अर्धे गिळलेले. गिटारच्या पोटावर थापा, पाय आपटणं, खर्जाची तार ओढून सोडणं, आणि त्यावर गावांची नावं: लेलँड, ग्रीनव्हिल, रोझडेल, व्हिक्सबर्ग. पाणी इथे आलं, तिकडे जातो म्हटलं तर तिथेही आलं. डोंगराकडे जाईन म्हणतो तर मला तिथे येऊ देत नाहीत. ग्रीनव्हिलला हजारो कृष्णवर्णीयांना बांधावरच्या छावण्यांत डांबून पहाऱ्याखाली कामाला जुंपलं होतं. गाण्यातली ती ओळ तिथली आहे.

2019 च्या ऑगस्टात आमच्या गल्लीत पाणी शिरलं त्या रात्री कोल्हापुरात सगळे एकच भाषा बोलत होते. राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? 43 ला धोक्याची पातळी. 47 झालं, 50 झालं. शिरोलीचा रस्ता गेला. शिरोळकडचं आता बाहेर निघणार नाही. चिखलीत माणसं माळ्यावर आहेत. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आकडा आणि गावाचं नाव, आकडा आणि गावाचं नाव, रात्रभर. पॅटनचं गाणं तेच करतं. पूर आलेला माणूस पुराचं वर्णन करत नाही, पाणी कुठवर आलं ते सांगतो.

म्हणून हे गाणं मला यादीत सगळ्यात जवळचं आहे, आणि म्हणूनच ते या दिवाळीत होणार नाही. ते वाजवायला अंगठा, थाप आणि पाय अशी तीन वेगळी कामं एकाच वेळी लागतात. माझ्याकडे सध्या एकच आहे. शब्द मराठीत उतरवून वहीच्या मागच्या पानावर डकवले. गाणं काढलेलं नाही, पुढे ढकललंय. त्याच्यासमोर तारीख लिहिली नाही.

'कँडीमॅन' काढलं. रेव्हरंड डेव्हिसचा अंगठा उलट्या क्रमानं चालतो, आधी वरची तार मग खालची. आत्ता शिकलो तर हर्टचा क्रम बिघडेल.

31 ऑगस्ट

गणपती. मंडळात ढोलाची पथकं, घरी पाहुणे. पाच दिवस गिटार पेटीत. आज काढली तेव्हा अंगठा विसरला नव्हता.

7 सप्टेंबर, रविवार

स्किप जेम्स. 'हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज', फेब्रुवारी 1931, ग्राफ्टन, विस्कॉन्सिन. किलिंग फ्लोअर म्हणजे कत्तलखान्याची फरशी. मंदीत माणसं दारोदार फिरतात आणि स्वर्ग कुठे दिसत नाही, एवढंच सांगणं. आवाज बारीक, उंच, एखादा माणूस दुसऱ्या खोलीत एकटा गातोय असा.

तारा वेगळ्या लावाव्या लागतात: डी ए डी एफ ए डी. नेहमीच्या जुळणीतून सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक सूर उतरवायची. लावून छेडल्यावर आई आतूनच म्हणाली, "तंबोरा लावलास होय?" खरंच, सा प सा ग प सा, गंधार कोमल. हाताला फार काम नाही, मोकळ्या तारा आपणच उदास होतात. पण गळा. त्याच्या उंचीला माझा गळा जात नाही. एक सप्तक खाली म्हटलं तर रडगाणं वाटतं. दोन आठवडे देऊन बघतो.

14 सप्टेंबर

लेमन जेफरसनचं गाणं काढलं. अंध गायक, टेक्सासचा, 1929 च्या डिसेंबरात शिकागोत मेला. माझी कबर स्वच्छ ठेवा, एवढी एकच विनंती, तीच ओळ तीनदा. शब्दांत घंटेचा उल्लेख आला की गिटारवर घंटा वाजते. ती जागा मला जमली, आणि तेवढीच जमली.

किलिंग फ्लोअर: गाण्याऐवजी अर्धं गुणगुणत, श्वासाच्या आवाजात म्हटलं. लेक म्हणाली, "आता खरं वाटतंय." राहिलं.

21 सप्टेंबर, रविवार

शेवटच्या गाण्यासाठी स्लाइड हवी, म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायची नळी. दुकानातली मागवण्यापेक्षा शेडमध्ये पितळी बुशचा तुकडा पडला होता, मालकांना विचारून सुट्टीनंतर लेथवर चढवला. पहिली केली ती आतून 18 मिलिमीटर, भिंत 4 ची, लांबी 60. वजन 140 ग्रॅम, करंगळी तासात दुखून आली. दुसरीची भिंत अडीच मिलिमीटर, वजन 80 च्या आसपास. आतली कड गोल केली, बाहेरून पॉलिश. तारेवर हात हलका राहतो, खडखड कमी.

स्लाइड फ्रेटच्या मागे दाबायची नाही, बरोबर तारेखालच्या पट्टीच्या डोक्यावर टेकवायची. मागची दोन बोटं तारांवर पसरून ठेवायची, नाहीतर मागून भुतासारखे सूर निघतात. पहिल्या तारेला 13 ची जाड तार घातली.

28 सप्टेंबर, रविवार

'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड'. ब्लाइंड विली जॉन्सन, डॅलस, डिसेंबर 1927. तो स्वतःला ब्लूज गायक म्हणवून घेत नसे, फक्त देवाची गाणी गाई. एका जुन्या स्तोत्राची पहिली ओळ शीर्षकाला आहे, पण त्यातला एकही शब्द तो उच्चारत नाही. नुसता हुंकार, आणि स्लाइड त्याच्या मागून किंवा पुढून तोच सूर काढते. 1945 साली गरिबीत मेला.

हेच ध्वनिमुद्रण 1977 साली व्हॉयेजर या अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. त्यात याच्या लगेच आधी केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई लहानपणी काही महिने आमच्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे ज्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी त्यांनी आत्मसात केली, ते शाहू महाराजांच्या दरबारातले. यानं ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या.

रात्री दिवे घालवून दोन्ही एकापाठोपाठ लावली. आई, मी, लेक. भैरवी संपली आणि मध्ये काहीच न बोलता जॉन्सनचा पहिला सूर आला. आईनं मान हलवली, नंतर म्हणाली, "बाईंची मींड तयारीची आहे. याची दुखण्यातून आलेली आहे. पण दोघं सुरावर येतात ते एकाच वाटेनं, खालून."

जुळणी डी ए डी एफ शार्प ए डी. स्किप जेम्सच्या जुळणीत आणि हिच्यात फरक फक्त तिसऱ्या तारेचा, अर्ध्या सुराचा. तिथे गंधार कोमल, इथे शुद्ध. पण जॉन्सन स्लाइड त्या गंधारावर स्थिर ठेवतच नाही, आई जुलैत म्हणाली तसा मध्येच कुठेतरी थरथरत ठेवतो.

12 ऑक्टोबर, रविवार

रंगीत तालीम. पाच गाणी सलग, फोनवर मुद्रित केली. 'फ्रेट ट्रेन' स्वच्छ. 'स्पाइक ड्रायव्हर' चांगलं, लय शेवटी 4-5 नं वाढते. 'हाउ लाँग'मध्ये तिसऱ्या कडव्याचे शब्द चुकले. जुळणी बदलायला चार मिनिटं लागतात, तेवढ्यात सगळं थंड पडतं. क्रम बदलला: आधी तिन्ही साध्या जुळणीतली, मग किलिंग फ्लोअर, मग फक्त तिसरी तार अर्धा सूर चढवून जॉन्सन. तिसरी तार चढवायला आता दहा सेकंद.

पहिल्या तारेची 13 काढून 12 घातली. साध्या जुळणीत 13 फार ताठ होते.

19 ऑक्टोबर, रविवार

उद्या पहाटे अभ्यंगस्नान. आज रात्री जेवणं झाल्यावर, फराळाचे डबे बाजूला सारून, समोरच्या खोलीत वाजवलं. घरची चार माणसं, गुरुजी आणि शेडमधले ते मिस्त्री. त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

पाचही पूर्ण झाली. एकदाही थांबलो नाही. 'स्पाइक ड्रायव्हर'च्या आधी दोन वाक्यांत अर्थ सांगितला. मिस्त्री ऐकताना अंगठा गुडघ्यावर आपटत होते, बरोबर माझ्या ठोक्याला. संपल्यावर एवढंच विचारलं, "हातोडा कुणाला दिला म्हणालास?" मी म्हटलं, मुकादमाला. "हं," म्हणाले. किलिंग फ्लोअरच्या दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला, पण तो तसाच पुढे गेला. जॉन्सनच्या हुंकाराला माझा सूर स्लाइडपेक्षा खाली राहिला. गुरुजींना कळलं, बाकीच्यांना बहुधा नाही.

गिटार पेटीत ठेवायला निघालो तर आई म्हणाली, "राहू दे अशीच. मला एक भजन म्हणायचंय. माझ्या पट्टीत होईल का?"

तिची पट्टी काळी चार. कॅपो सहाव्या फ्रेटवर लावला, मोकळ्या तारा छेडल्या.

"भैरवी आहे," ती म्हणाली. "गंधार कोमल कर."

मी तिसरी तार अर्धा सूर उतरवली. पुन्हा स्किप जेम्सची जुळणी झाली. आईनं डोळे मिटले, आणि मी अंगठ्यानं सहावी तार धरून ठेवली.